केवढ्याला पडला?

स्वतः जुळवून घेतलेल्या कॉम्प्युटरची किंमत ही मालकाची खासगी बाब असते आणि म्हणूनच तो ती सगळ्या गावाला सांगतो. कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेणारा माणूस किंमत सांगताना जरा ओशाळतो. ‘घेतला बुवा हप्त्यावर’ म्हणून विषय बदलतो. असेम्बल करणाऱ्याला मात्र कोणी विचारावंही लागत नाही. ‘आपण बावीस हजारांत बसवला,’ हे तो मुंजीच्या पंगतीत, जिलबी वाढणाऱ्याला थांबवून सांगतो. या बावीस हजारांत काय काय आलं हे मात्र विचारू नये. मॉनिटर जुनाच होता, म्हणून तो धरलेला नसतो. कीबोर्ड-माउस मेहुण्याने दिलेला असतो. यूपीएस ‘तसाही घ्यायचाच होता’, त्यामुळे तो घरखर्चात. विंडोज कुठून आलं असं विचारलंत तर तो मठ्ठा मागतो.

बजेट कॉम्प्युटर म्हणजे स्वस्त कॉम्प्युटर, असा एक गैरसमज आहे. ज्याच्या किमतीतून काय काय वगळायचं हे मालकाचं आधी ठरलेलं असतं, तो बजेट कॉम्प्युटर. काटकसर करायला खर्च येतो हे मध्यमवर्गाला माहीत असतं. पण ती सांगायला मिळावी म्हणून तो हा खर्च आनंदाने करतो.

आमचा जुना कॉम्प्युटर २००९ सालचा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, तीनशेवीस जीबीची हार्डडिस्क. ‘आता दहा वर्षं बघायला नको,’ असं विकणारा म्हणाला होता आणि आम्ही ते शब्दशः पाळलं. दहा वर्षं त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. त्याच्यासाठी खास टेबल आणलं होतं. कीबोर्डचा सरकता खण, सीपीयूसाठी खाली कप्पा, वर स्पीकर ठेवायला माडी. शिवाय पारदर्शक प्लास्टिकचं आवरण, शिवलेल्या पायपिंगचं. हिने लग्नाआधी एमएस-सीआयटी केलं होतं. चपला बाहेर काढून एसी खोलीत शिरायचं आणि कॉम्प्युटरला शक्यतो हात न लावता तो शिकायचा, अशी ती पद्धत. त्यामुळे आमच्या घरीही या यंत्राबद्दल सोवळ्याचे नियम होते. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक.

याचा वापर करायचे ते अण्णा, म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. सकाळी पूजेला बसण्याआधी ते बटण दाबायचे. अभिषेक होईपर्यंत विंडोजचं चिन्ह, आरतीपर्यंत डेस्कटॉप, आणि नैवेद्य दाखवून झाला की माउस हलायला लागायचा. अण्णांची याबद्दल तक्रार नव्हती. ‘घाई कसली आहे? अजून माझं १९७८ चालू आहे,’ म्हणायचे.

कधीकधी तो अजिबात सुरू व्हायचा नाही. मग कॉम्प्युटरवाल्याला बोलवायचं. हा माणूस दर वेळी वेगळा असे, पण इलाज एकच. कॅबिनेटची बाजू उघडायची, फुंकर मारायची, रॅमची पट्टी काढायची आणि आमच्याकडेच खोडरबर मागायचं. त्याने पट्टीचे सोनेरी दात घासायचे, पट्टी परत बसवायची, टुक् आवाज, आणि यंत्र सुरू. तीनशे रुपये. यात फसवणूक काही नाही. त्या दातांवर हवेने आणि धुळीने थर चढतो, संपर्क तुटतो, घासला की जुळतो. पण तीनशे रुपये घेणाऱ्याने खोडरबर तरी स्वतःचं आणावं, असं हिचं मत होतं. एकदा तिने स्वतःच पट्टी काढून घासली आणि कॉम्प्युटर सुरू केला. त्या दिवसापासून घरात तिच्या शब्दाला तांत्रिक वजन आलं.

पुढे मदरबोर्डवरची बॅटरी गेली. रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी तीन व्होल्टची चकती, सीआर २०३२. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं मुख्य काम. ती संपल्यावर आमच्या घरी रोज सकाळी १ जानेवारी २००९ उजाडायचा. तारीख चुकली की इंटरनेटवरच्या सुरक्षित साइट्स दार उघडत नाहीत. त्यांच्या लेखी तुम्ही सोळा वर्षं मागून आलेले असता. अण्णांना त्याचं काही नव्हतं. ते कोणाकोणाला पत्रं लिहीत आणि तारीख कॉम्प्युटरच टाकी. एका कार्यालयाला त्यांनी पेन्शनच्या थकबाकीबद्दल असंच १ जानेवारी २००९ तारखेचं पत्र पाठवलं. त्याला उत्तर आलं, विलंबाबद्दल दिलगिरी व्यक्त करणारं.

आमचं काही अडलं नव्हतं. नवीन घ्यावा असं कोणाच्या मनात आलं नसतं, पण भाचा आला. ताईचा मुलगा, कराडला इंजिनिअरिंगला. सुट्टीत आजोळी आलेल्या मुलाने पूर्वी आंबे खाल्ले असते. याने आल्या आल्या कॉम्प्युटरची बाजू उघडली. आतून दसऱ्याच्या झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या निघाल्या. काही प्रोसेसरच्या पंख्यात अडकल्या होत्या. त्याचा फोटो त्याने मित्रांना पाठवला आणि मग गंभीर चेहऱ्याने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं.

‘मामा, विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.’

‘अरेरे,’ अण्णा म्हणाले. ‘किती वर्षांचं होतं?’

‘दहा. आणि विंडोज इलेव्हन याच्यावर चालणार नाही. त्याला टीपीएम टू लागतं, इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो.’

‘आठव्या पिढीचा?’ अण्णांनी चष्मा काढला. ‘आम्हाला आमच्या खापरपणजोबांच्या पलीकडचं नाव सांगता येत नाही.’

पैसे न देता किंवा थोडक्यात भागेल अशा वाटा भाच्याने सांगितल्या नाहीत. त्या हिने मोबाइलवर शोधून काढल्या. एक म्हणजे मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट घेण्याची सोय ठेवली होती. दुसरी, लिनक्स टाकायचं, फुकट. तिसरी सगळ्यात शहाणपणाची होती. मोठ्या कंपन्यांतून तीन-चार वर्षं वापरून निघालेले डेस्कटॉप बाजारात नीट करून विकतात. त्यांत आठव्या-नवव्या पिढीचे मिळतात आणि टायपिंग-इंटरनेटला ते भरपूर होतात. खरं सांगायचं तर ज्याला नुसता कॉम्प्युटर हवा आहे त्याने तेच घ्यावं, आणि इथेच हा लेख वाचणं थांबवावं. पण त्यात सांगण्यासारखं काही उरत नाही. ‘कोणाच्या तरी ऑफिसातला जुना घेतला’ हे वाक्य पंगतीत चालत नाही. मी, भाचा आणि अण्णा असं तीन विरुद्ध एक मताने ‘बसवून घेऊ’ ठरलं. बजेट तीस हजार. हिने हिशेबाच्या वहीत नवं पान काढलं आणि वर ‘कॉम्प्युटर – ३०,०००’ असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली. एवढा विश्वास मी नंतर त्या पानावर कधी पाहिला नाही.

गरज काय, हे लिहायला भाच्याने कागद घेतला. अण्णांना टायपिंग, हिला मुलांच्या शाळेचे अर्ज आणि रेल्वेचं रिझर्वेशन, मला यूट्यूब. त्याने हे सगळं लक्षपूर्वक लिहून घेतलं आणि त्याखाली ‘रायझन फाइव्ह ५६००जी’ असं लिहिलं. सहा कोअर, बारा थ्रेड.

‘बारा कशाला?’ ही म्हणाली. ‘घरात माणसं पाच.’

‘मामी, फ्युचर प्रूफ.’

यातला जी म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच आहे, वेगळं कार्ड घ्यायला नको, म्हणजे बघा वीस हजार वाचले. इथून आमच्याकडे पैसे वाचायला सुरुवात झाली. पण पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं; म्हणून आठ जीबी पुरायची नाही, सोळा लागेल. तीही एक पट्टी नको, आठ-आठच्या दोन, कारण दोन वाटांनी माहिती येते-जाते तेव्हाच ते ग्राफिक्स चांगलं चालतं. अण्णा म्हणाले, जुन्यातली पट्टी आहे की, मामीने घासलेली, ती लावा तिसरी. भाच्याने दोन्ही पिढ्यांच्या पट्ट्यांची चित्रं शेजारी ठेवून दाखवली. डीडीआर टूची खाच वेगळ्या जागी, डीडीआर फोरची वेगळ्या. चुकीची पट्टी चुकूनही बसू नये म्हणून मुद्दामच तशी केलेली. ‘म्हणजे जुनं काहीच चालू नये ही सोय त्यांनी आधीच करून ठेवली आहे,’ अण्णा म्हणाले. हे मात्र संपूर्ण खरं नव्हतं. जुनी हार्डडिस्क नव्या बोर्डाला जोडता येणार होती, साटाची पिन तीच आहे. हिने वहीत जमेच्या बाजूला ‘हार्डडिस्क’ लिहून समोर शून्य घातलं.

आणि मग रॅमचा भाव निघाला.

जी सोळा जीबी उन्हाळ्यात तीन-साडेतीन हजारांत येत होती, तिचा भाव २०२५ च्या दिवाळीनंतर कुठल्या कुठे गेला. फोनवर विचारावं तर दुकानदार म्हणे, ‘आत्ताचा सांगतो, संध्याकाळचा माझ्या हातात नाही.’ भाच्याने कारण समजावलं. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयची जी प्रचंड डेटा सेंटर उभी राहताहेत त्यांना मेमरी लागते अफाट, आणि तिथे नफाही अफाट. कारखाने तिकडे वळले, घरगुती पट्ट्यांचा तुटवडा. मायक्रॉनने तर डिसेंबरात ‘क्रूशल’ नावाचा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

अण्णा बराच वेळ गप्प होते.

‘म्हणजे अमेरिकेत कोणीतरी यंत्राकडून कविता लिहून घेतंय, म्हणून डोंबिवलीत माझं आत्मचरित्र महागलं?’

‘हो आजोबा.’

‘त्यांना म्हणावं, आधी माणसांचं संपू द्या.’

शनिवारी आम्ही कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलो. रविवारी तिथली दुकानं बंद असतात; एवढं माहीत असणं ही तिथे जाण्याची पहिली पात्रता. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला उतरायचं. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे आणि ते फक्त बिलावर असतं. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते. तिकडे त्यांच्या नावाने नारळाचा कीस लावलेला चॉकलेटचा केक मिळतो. पुढे १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, त्यात या लॅमिंग्टनसाहेबांच्या हातालाही गोळी लागली. एवढं सगळं होऊन मुंबईत त्यांचं नाव उरलं ते एसएमपीएसमुळे.

अण्णा हट्टाने बरोबर आले होते. त्यांना कॉम्प्युटरमध्ये रस नव्हता, मिनर्व्हामध्ये होता. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला आणि अण्णांच्या आत्मचरित्रात त्याला अडीच पानं आहेत. मिनर्व्हा आता नाही. ते जिथे होतं त्या दिशेला तोंड करून ते थोडा वेळ उभे राहिले आणि मागून आलेल्या हातगाडीवाल्याने त्यांना बाजूला केलं.

लॅमिंग्टन रोडची दुकानं म्हणजे बहुतेक ठिकाणी एक काउंटर आणि त्यामागे छतापर्यंत खोकी. माल इथे नसतोच. तुम्ही मदरबोर्ड मागितला की दुकानदार फोन करतो, एक पोरगा कुठल्यातरी जिन्यातून येतो, दुसऱ्या जिन्यात जातो आणि बोर्ड घेऊन उगवतो. सगळा रस्ता मिळून एकच दुकान असावं आणि आपण फक्त कोणाच्या खिशात पैसे टाकायचे ते ठरवत असू, अशी मला दाट शंका आहे. मी हिंदीत भाव विचारत होतो. दुकानदार मला मराठीत उत्तरं देत होता. तो मूळचा कच्छचा आणि तीस वर्षं मुंबईत. मी मूळचा कोकणातला आणि जन्मापासून मुंबईजवळ. दोघांनीही शेवटपर्यंत आपापली सभ्यता सोडली नाही.

‘काका, एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फ्री येतो. वेगळा कशाला?’

भाच्याने तो फ्रीचा डबा हातात घेऊन नुसता वरखाली केला आणि परत ठेवला. एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आणि तो वजनावरून पारखायचा असतो. आत तांबं आणि उष्णता ओढणाऱ्या पट्ट्या पुरेशा असतील तर तो जड लागतो. फ्रीच्या डब्यावर साडेचारशे वॉट लिहिलं होतं आणि तो चिवड्याच्या पुड्याएवढा हलका होता. बजेट कॉम्प्युटरवाले नेमके इथे पैसे वाचवतात, कारण हा डबा दिसत नाही. आणि तो जातो तेव्हा एकटा जात नाही, मदरबोर्डला घेऊन जातो. दुकानदाराने भाच्याकडे आदराने पाहिलं आणि काउंटरखालून जड डबा काढला. किंमतही जड. हिने वहीत लिहिलं आणि दुहेरी रेघेच्या खाली पहिल्यांदाच काहीतरी उमटलं.

‘बिल हवं का?’

हा लॅमिंग्टन रोडचा मूलभूत प्रश्न. अठरा टक्के जीएसटीचा. माझा चेहरा डळमळला, हे हिने पाहिलं. ‘बिलच हवं,’ ती म्हणाली, ‘वॉरंटी काय तुमच्या तोंडाला बघून देणार आहेत?’ बिल आलं. ते तिने घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. त्या बिलावरचा आकडा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

कॅबिनेट निवडताना वेगळीच अडचण आली. आम्हाला साधं, पत्र्याचं, न बोलणारं हवं होतं. तसं आता स्वस्तात मिळत नाही. स्वस्त ते सगळं काचेचं आणि रंगीबेरंगी दिव्यांचं. चार पंखे, चारही इंद्रधनुष्यी. दिवे नको असतील तर जास्त पैसे मोजायचे. अण्णांनी ते चमकताना बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘असू दे. गणपतीत उपयोगी पडेल.’ हिने लगेच खर्चाच्या रकान्यात ‘गणपती आरास’ असं लिहून कॅबिनेट तिकडे टाकलं. वगळण्याची कला तिला मुळातच येत होती, हे मला तेव्हा कळलं.

मॉनिटर जुनाच ठेवायचा, हा ठराव एकमताने झाला होता. घेतलेल्या मदरबोर्डला जुन्या मॉनिटरची निळी व्हीजीए पिन बसत नाही, हे बोर्डाचे पैसे देऊन झाल्यावर भाच्याने सांगितलं. त्या स्वरात दुःख होतं, पण आश्चर्य नव्हतं. शेजारच्याच दुकानात त्याने आधीच एक बावीस इंची मॉनिटर बघून ठेवलेला होता.

दुकानदार म्हणाला, पाचशे रुपयांत असेम्बल करून देतो, अर्ध्या तासात. भाचा दुखावला. पाचशे रुपये वाचवून आम्ही सगळी खोकी टॅक्सीत घालून सीएसएमटीला गेलो. टॅक्सीचं भाडं हा प्रवासखर्च. तिथून मालडब्यात बसून डोंबिवली. मालडबा मुद्दाम निवडला, खोक्यांना धक्का नको म्हणून, आणि तिथे कळलं की मुंबईत प्रत्येक माणसाने कधी ना कधी कॉम्प्युटर बसवलेला आहे. करंज्यांचे डबे घेऊन निघालेल्या एका आजोबांनी खोक्यावरचं नाव वाचून विचारलं, ‘केवढ्याला पडला?’

‘तीस हजारांत बसवतोय,’ मी म्हणालो. अजून काही बसवलेलं नव्हतं, त्यामुळे हे खोटं म्हणता येणार नाही.

‘आमच्या जावयाने अठरात केला.’

कोपऱ्यात गोणीवर बसलेला एक जण म्हणाला की त्याच्या मित्राला चौदात मिळाला. भायखळा येईपर्यंत भाव आणखी उतरला. कुर्ल्याला चढलेल्या एका गृहस्थांना त्यांच्या साडूने कॉम्प्युटर फुकटच दिला होता. ठाण्यानंतर मी बोलणं थांबवलं. भाव असाच खाली येत राहिला असता तर डोंबिवलीला उतरताना कोणीतरी आम्हालाच पैसे दिले असते.

जेवणाचं टेबल रिकामं करून त्यावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं. भाच्याने सगळ्यांना धातूला हात लावून यायला सांगितलं, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून. अण्णा नळाला हात लावून आले, शिवाय देवाला. रायझनच्या पाठीवर तेराशे एकतीस पिना असतात, केसासारख्या. एक वाकली की सगळं संपलं. कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, दांडी वर करायची आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. तो स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. मग दांडी खाली, आणि तिच्याबरोबर एक बारीकसा कुरकुर आवाज. तो आवाज ऐकून भाच्याचा श्वास अडकला, अण्णांनी रामरक्षा सुरू केली आणि ही म्हणाली, ‘पाचशे रुपयांत त्याने हे सगळं केलं असतं ना? मग हा आवाज त्याला ऐकावा लागला असता.’

पंखा, रॅम, एनव्हीएमईची चिंचोळी डिस्क ही कामं झटपट झाली. खरी परीक्षा शेवटी, आणि ती म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या वायरी. बटणाची, रिसेटची, दोन दिव्यांच्या. प्रत्येकीचं टोक बाजरीच्या दाण्याएवढं आणि बोर्डाच्या अगदी कोपऱ्यात, जिथे माणसाचं बोट जात नाही. अब्जावधी ट्रान्झिस्टर नखाएवढ्या जागेत बसवणाऱ्या मानवजातीला बटणाची वायर लावायची सोपी सोय अजून सुचलेली नाही. शेवटी हिने विणकामाची सुई आणली आणि काम झालं. घरातल्या घरात विशेषज्ञ म्हणून तिचा क्रमांक आता भाच्याच्या वर होता.

बटण दाबलं. चारही पंखे इंद्रधनुष्यी फिरू लागले आणि विंडोज टाकून झाल्यावर पुन्हा सुरू केला तेव्हा पडदा एवढ्या लवकर उजळला की अण्णा दचकले. ते पूजेला जाण्यासाठी अर्धे उठले होते.

‘झालं?’

‘झालं, आजोबा.’

‘मग मी आता या वेळात काय करायचं?’

त्यांनी जुन्या डिस्कवरून आत्मचरित्र उघडलं. पडद्यावर डॉलर, टक्के, कंस आणि उद्गारचिन्हं यांचा सडा पडला. युनिकोड रुळायच्या आधी मराठी टायपिंग असंच चालायचं. डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपी, आकृती, सरकारी कचेऱ्यांत आयएसएम. प्रत्येकाची रचना निराळी. रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. फाँट असेल तर ते मराठी, नसेल तर हे. अण्णांचं सॉफ्टवेअर डोंगल नावाच्या किल्लीवर चालायचं, ती किल्ली जुन्या कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टला लावलेली होती, आणि नव्या बोर्डाला तो पोर्टच नव्हता. भाच्याने कन्व्हर्टर शोधून मजकूर युनिकोडात आणला. बरंचसं आलं. रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या मात्र आपापली जागा सोडून शेजारच्या अक्षराकडे राहायला गेल्या. अण्णांनी पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, ‘माझं लग्न कोणाशी झालं ते यात बदललंय.’

आता जुनी डिस्क परत जुन्या कॉम्प्युटरला लावून अण्णा त्याच्यावर मूळ मजकूर उघडून वाचतात आणि नव्यावर दुरुस्त करतात. म्हणजे घरात दोन कॉम्प्युटर झाले. भंगारवाला जुन्याचे किलोवर साडेतीनशे देत होता. हिनेच परत पाठवला. सोळा दसरे पूजलेलं यंत्र वजनावर देणार नाही, म्हणाली. पूर्वीच्या टेबलाच्या माडीखाली नवा मॉनिटर बसत नव्हता आणि खालच्या कप्प्यात काचेचं कॅबिनेट शिरत नव्हतं, म्हणून नवं टेबल आलं. टेबल हे फर्निचर. त्याला जोडून यूपीएस आला, कारण डोंबिवलीत वीज जाते. ती सुरक्षा. आणि विंडोजचा परवाना मी खरोखरच विकत घेतला. तो शिक्षणावरचा खर्च. रॅमच्या बाबतीत भाचा ठाम होता: उन्हाळ्यातला भाव धरायचा, वरचे पैसे एआयच्या नावावर. एवढं सगळं आपापल्या जागी टाकून बेरीज केली तेव्हा ती एकोणतीस हजार आठशे आली. हिने वहीतली बेरीज मला दाखवली नाही, पान दुमडून ठेवलं.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी नवा कॉम्प्युटर बघायला आले. इंद्रधनुष्य बघितलं, पडद्याला मागून पुढून हात लावला, नव्या टेबलावर टिचकी मारली, यूपीएसवर चहाचा कप ठेवला. मग विचारलं, ‘केवढ्याला पडला हो?’

‘तीसच्या आत,’ मी म्हणालो.

सेक्रेटरी काही बोलले नाहीत. घरी गेले आणि बायकोशी बोलून, पाकीट घेऊन परत आले. त्यात पाचशेच्या साठ नोटा होत्या. ‘असाच एक आमच्या नातवाला. तुम्ही दुकानं ओळखता, पोरगाही घरचाच आहे.’ आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘टेबल, मॉनिटर, तो खालचा डबा, सगळं धरून ना बाळा?’

मी हिच्याकडे बघितलं. ही वहीकडे बघत होती.

‘हो काका, सगळं धरून,’ भाचा म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने कराडला निघून गेला.